विश्लेषण : जिम कॉर्बेट यांच्या कानापाशी सुटलेला तो बार… रायफलीच्या आवाजाने ऐकणे कसे जाते? ते वाचवायचे कसे?

नरभक्षक वाघ-बिबट्यांचे शिकारी आणि पुढे वाघांच्या रक्षणासाठी झटणारे जिम कॉर्बेट यांचे नाव भारतात घरोघरी माहीत आहे. १९२९ मध्ये त्यांच्या जिवावर बेतणारी एक दुखापत झाली. ती वाघाच्या पंजाने झाली नव्हती. शिकारीच्या एका सहलीत कानाजवळ सुटलेल्या रायफलीच्या आवाजाने झाली होती. जंगलात ज्या कानांच्या भरवशावर ते वावरत, त्यातला एक त्या क्षणी निकामी झाला. त्यानंतर काय घडले, बंदुकीचा आवाज कानाचे नेमके काय करतो आणि आज नेमबाज, एनसीसीचे छात्र किंवा पोलीस भरतीतील तरुणांनी यातून काय घ्यावे, याचा आढावा.

कॉर्बेट कोण होते?

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये झाला. वडील ख्रिस्तोफर तेथे पोस्टमास्तर होते. जिम सहा वर्षांचे होण्यापूर्वीच वडील वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी जेन यांच्यावर आला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा या कुटुंबाचा शिरस्ता होता. कालाढुंगीच्या घराला लागूनच जंगल होते. जिम यांची खरी शाळा तीच.

आधी गलोल, मग एक जुनी ठासणीची दुनळी बंदूक हाती आली. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता तारेने बांधलेला होता. दहाएक वर्षांचे असताना स्वयंसेवक पलटणीतील एका सार्जंट मेजरने त्यांना .४५० बोअरची मार्टिनी रायफल वापरायला दिली. पहिला बिबट्या त्यांनी याच रायफलीने टिपला.

शिक्षण फार झाले नाही. विशीच्या आतच ते रेल्वेत लागले. पुढे बिहारमधील मोकामा घाट येथे ब्रॉडगेज आणि मीटरगेज गाड्यांमधील मालाची चढ-उतार करण्याचे कंत्राट त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. पहिल्या महायुद्धात कुमाऊंमधील ५०० जणांची श्रमिक तुकडी घेऊन ते फ्रान्सला गेले. नरभक्षकांची शिकार हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा कधीच नव्हता. कुठे नरभक्षकाने दहशत माजवली की सरकारी निरोप येई आणि ते रजा काढून जात. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर होते. १९२६ मध्ये त्यांनी रुद्रप्रयागचा बिबट्या मारला. त्याने १२५ माणसे मारल्याची नोंद आहे.

त्यांच्यासाठी कान इतका महत्त्वाचा का होता?

ताडोबा किंवा पेंचला गेलेल्यांना याचा अनुभव असेल. गाइड मध्येच जिप्सीचे इंजिन बंद करायला लावतो आणि सगळे कान टवकारतात. चितळाची किंवा सांबराची धोक्याची हाक आली की ‘कॉल’ मिळाला असे म्हणतात आणि गाडी त्या दिशेने वळते. वाघ दिसण्याआधी तो ऐकू येतो तो असा, दुसऱ्याच्या तोंडून.

कॉर्बेट हेच काम पायी आणि बहुतेकदा एकटे करत. वानर, चितळ, भेकर, सांबर, मोर यांच्या हाका ते लहानपणापासून ओळखत. हाक कोणाची आहे, ती भीतीची आहे की नुसत्या संशयाची, ती कोणत्या बाजूने आणि किती अंतरावरून आली, यावरून जनावर कुठे बसले आहे किंवा कोणत्या दिशेने चालले आहे, याचा अंदाज ते बांधत. प्राण्यांचे आवाज हुबेहूब काढण्याची कलाही त्यांच्याकडे होती. दाट झाडीत नजर दहा-पंधरा पावलांपुढे जात नाही. पुढचे सगळे कानाने कळते. नरभक्षकाच्या मागावर तर मागून येणाऱ्या वाळक्या पानाच्या आवाजावर जीव अवलंबून असतो.

बिंदुखेडा येथे नेमके काय घडले?

फेब्रुवारी १९२९. तराईतील बिंदुखेडा येथे पळस फुलण्याच्या दिवसांत स्नेह्यांचा तळ पडला होता. हत्तींवरून शिकार चालली होती. त्यात नरभक्षक नव्हता आणि पाठलागही नव्हता. मित्रमंडळींची ती सहल होती. या सहलीत एक जड, वेगवान गोळीची .४५० बोअरची रायफल सुटली, तेव्हा तिच्या नळीचे तोंड कॉर्बेट यांच्या डाव्या कानापासून काही इंचांवर होते. गोळी त्यांना लागली नाही. पण नळीतून निघालेल्या ज्वाळेने आणि तप्त वायूने कानाची पाळी भाजली आणि आवाजाच्या धक्क्याने कानाचा पडदा फाटला.

ही रायफल कॉर्बेट यांनी झाडली नव्हती. बंदुकीचा आवाज फक्त चालवणाऱ्याला बाधतो, असा समज आजही आहे. प्रत्यक्षात नळीच्या तोंडाजवळ किंवा तिच्या पुढच्या बाजूला असलेल्या माणसाला चालवणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा धक्का बसतो.

इतक्या जवळचा बार कानाचे काय करतो?

आवाज म्हणजे हवेतील दाबाची लाट. ती डेसिबलमध्ये मोजतात, पण ही मोजपट्टी साधी नाही. २० डेसिबल वाढले की दाब दहापट होतो. नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, असे व्यावसायिक आरोग्याचे तज्ज्ञ सांगतात. बारासारख्या क्षणिक आवाजासाठी धोक्याची रेषा १४० डेसिबलवर आखली जाते. बहुतेक बंदुका-रायफलींचा आवाज १४० ते १७५ डेसिबलच्या घरात असतो. याचा अर्थ असा की, कानाला संरक्षण नसेल तर एकच बार कायमचे नुकसान करायला पुरेसा ठरू शकतो.

आता अंतराचे गणित पाहू. अंतर निम्मे झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि अंतर एक दशांश झाले की २० डेसिबलने. रायफल चालवणाऱ्याचा कान नळीच्या तोंडापासून सुमारे एक मीटर मागे असतो. तेथे आवाज १६० डेसिबल धरला, तर १० सेंटिमीटरवर तो ढोबळमानाने १८० डेसिबलवर जातो. नळीच्या तोंडापुढे त्याहूनही जास्त. कानाचा पडदा फाटण्याची शक्यता साधारण १८५ डेसिबलच्या आसपास सुरू होते. कॉर्बेट यांचा कान याच टप्प्यात सापडला.

पडदा हा या कहाणीचा एक भाग. दुसरा भाग त्याच्या आत आहे. पडद्याची कंपने तीन नाजूक हाडांमार्फत गोगलगायीच्या शंखासारख्या एका द्रवाने भरलेल्या नळीत जातात. तिला कॉक्लिआ म्हणतात. प्रत्येक कानाच्या कॉक्लिआत सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या हलल्या की मेंदूकडे संदेश जातो आणि आपल्याला ऐकू येते. प्रचंड दाबाच्या लाटेने या पेशी वाकतात, तुटतात, मरतात. त्वचा किंवा हाड जसे भरून येते तशा माणसाच्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत.

मग शरीराची स्वतःची काही सोय नाही का? आहे. मोठा आवाज झाला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि हाडांची हालचाल रोखतो. पण त्याला आखडायला किमान २५ ते १०० मिलिसेकंद लागतात. बाराचा मुख्य धक्का काही मिलिसेकंदांतच संपतो. दार लावेपर्यंत चोर घरात शिरलेला असतो.

दुखापत जिवावर कशी बेतली?

फाटलेला पडदा म्हणजे मधल्या कानाचे उघडे पडलेले दार. कॉर्बेट यांच्या कानात जंतुसंसर्ग झाला आणि आत गळू झाले. चेहरा, डोके आणि मान सुजली. वेदनांनी झोप लागेना.

हे वर्ष १९२९ होते, हे लक्षात घ्यायला हवे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध आदल्याच वर्षी लागला होता आणि ते औषध म्हणून मिळायला पुढे दशकभराहून अधिक काळ लागला. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात कानातला पू आजूबाजूच्या हाडात किंवा मेंदूपर्यंत पसरला तर माणूस दगावत असे.

अशा अवस्थेत ते नरभक्षकामागे का गेले?

कुमाऊंच्या पूर्वेला, नेपाळच्या सीमेलगत तल्ला देस नावाचा भाग आहे. तेथील नरभक्षकाची खबर कॉर्बेट यांच्याकडे होती. इस्पितळात पडून राहावे तर दुखणे हटत नव्हते आणि घरच्यांचे हाल बघवत नव्हते. एप्रिलच्या सुरुवातीस ते सहा गढवाली सोबत्यांना घेऊन निघाले. टनकपूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे डोंगरातून पायी.

तल्ला कोट गावात त्यांना डुंगरसिंग भेटला. त्याच्या आईला नरभक्षकाने नुकतेच मारले होते. त्याच्या मदतीने शोध सुरू झाला. कॉर्बेट यांना लागोपाठ तीन वाघ दिसले. त्यातले दोन पडले, पण ती नरभक्षक वाघिणीची मोठी झालेली पिल्ले निघाली. वाघीण जखमी होऊन निसटली. जखमी नरभक्षक मोकळा सोडून परतणे त्यांना शक्य नव्हते. पुढचे काही दिवस ते रक्ताच्या थेंबांवरून आणि ठशांवरून तिच्या मागे फिरत राहिले. सुजेने एक डोळा मिटत आला होता. याच दिवसांत कानातले गळू आपोआप फुटले आणि दाब उतरला. त्यानंतर त्यांनी वाघिणीला गाठले आणि मारले.

एका कानाने काय अडते?

एका कानाने आवाज ऐकू येतो, मग दुसरा गेला तर बिघडले काय, असे वाटू शकते. अडचण दिशेची आहे. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानात आधी पोहोचतो आणि डाव्यात किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या एक हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. शिवाय डोके मध्ये आल्याने दूरच्या कानाला तो आवाज थोडा मंद ऐकू येतो. या दोन फरकांवरून मेंदू दिशा ठरवतो. एक कान बंद झाला की तुलनाच उरत नाही. आवाज आला एवढे कळते, कुठून आला ते कळत नाही.

रस्त्यावर याचा अर्थ मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न कोणत्या बाजूचा हे न उमजणे. कॉर्बेट यांच्यासाठी याचा अर्थ होता, जखमी वाघीण डावीकडे आहे की उजवीकडे हे न कळणे. तल्ला देसच्या त्या शिकारीत जमीन वाचणारी नजर आणि सोबत्यांचे कान यांवरच त्यांना भिस्त ठेवावी लागली.

ऐकू येणे परत आले का?

मोठ्या प्रमाणात आले. लाहोरच्या इस्पितळात त्यांच्यावर पुढे उपचार झाले आणि कान पुन्हा काम करू लागला. बहिऱ्या माणसाला चारचौघांत होणारा संकोच संपला आणि पाखरांचे आवाज पुन्हा ऐकू येऊ लागले, याचे त्यांना मोठे समाधान होते. ही हकीकत त्यांनी पंचवीस वर्षांनंतर, १९५४ मध्ये आलेल्या ‘द टेम्पल टायगर’ या पुस्तकात सविस्तर लिहिली.

मात्र यावरून कान गेला तरी परत येतो, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. कानाचा पडदा ही एक पातळ त्वचा आहे. लहान छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपणहून भरते आणि मोठ्यावर शस्त्रक्रिया करता येते. केशपेशींना असा कोणताही उपचार आज, जवळपास शंभर वर्षांनंतरही, नेहमीच्या वैद्यकात उपलब्ध नाही. पडदा फाटणे दिसते, दुखते आणि माणूस डॉक्टरकडे जातो. केशपेशींचे मरण दुखत नाही. आधी कानात गुणगुण सुरू होते. मग गर्दीत समोरच्याचे बोलणे नीट उमजत नाही, कारण बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. तपासणीच्या आलेखावर हा खड्डा साधारण ४ हजार हर्ट्झजवळ दिसतो. पाखरांची किलबिल आणि बोलण्यातले स, श, फ हे आवाज याच वरच्या पट्टीतले.

त्या काळी कान वाचवायची साधने नव्हती का?

काही होती, पण वापरण्याची पद्धत नव्हती. बंदुकीच्या आवाजाने बहिरेपणा येतो हे तोवर चांगलेच माहीत झाले होते. मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम स्वतःच्या तोफाबंदुकांच्या आवाजाने उतारवयात जवळजवळ बहिरे झाले होते. त्यांचे पुत्र हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये बंदुकीचा आवाज कमी करणाऱ्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले. पहिल्या महायुद्धात तोफखान्यातील काही सैनिकांसाठी कानात घालायची बुचेही निघाली होती.

तरीही शिकारी मंडळींत कानात काही घालणे रूढ नव्हते. फार तर कापसाचा बोळा. साध्या कापसाने आवाज अगदीच थोडा अडतो. शिकाऱ्याची खरी अडचण वेगळी होती. कान बंद केला तर जनावर ऐकू येणार नाही आणि उघडा ठेवला तर बार कान फोडणार. कॉर्बेट यांच्यासारखा माणूस नरभक्षकाच्या मागावर कान बंद करून चालूच शकत नव्हता. बिंदुखेड्याला मात्र तशी काही गरज नव्हती.

आज कोणते पर्याय आहेत?

फोमचे इअरप्लग : १९७०च्या दशकात आलेले हे मऊ, स्वस्त बूच आजही उत्तम साधन आहे. नीट बसले तर प्रयोगशाळेतील मोजमापानुसार ते साधारण ३० डेसिबलपर्यंत आवाज कमी करते. ‘नीट बसले तर’ हे महत्त्वाचे. बूच बोटांत वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, बूच आत सरकवून ते फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवावे. अर्धे बाहेर लोंबणारे बूच फारसे काम करत नाही.

इअरमफ : हेडफोनसारखे बाहेरून कान झाकणारे. घालायला सोपे. मात्र चष्म्याची काडी, केस किंवा टोपीची कड मध्ये आली की फट पडते आणि संरक्षण घटते. रायफलीचा दस्ता गालाला लावताना मफ सरकतो, हेही पाहावे लागते.

दोन्ही एकत्र : मोठ्या बोअरच्या रायफलीसाठी आणि बंदिस्त रेंजसाठी तज्ज्ञ हाच सल्ला देतात. येथे बेरीज सरळ होत नाही. ३० अधिक २५ म्हणजे ५५ असे नाही. दुसरे साधन जास्तीत जास्त ५ डेसिबलच्या आसपास भर घालते, कारण ठरावीक मर्यादेनंतर आवाज कवटीच्या हाडांतूनच आत पोहोचतो. पण १६० डेसिबलच्या पातळीवर ही ५ डेसिबलची भरही मोलाची असते.

इलेक्ट्रॉनिक इअरमफ : यात बाहेर माइक आणि आत छोटा स्पीकर असतो. प्रशिक्षकाच्या सूचना, पावलांचा आवाज आत ऐकू येतो आणि मोठा आवाज झाला की स्पीकर क्षणात बंद होतो. जनावर ऐकायचे की कान वाचवायचा, या जुन्या पेचावरचे हे उत्तर.

सायलेन्सर किंवा सप्रेसर बाराचा आवाज २० ते ३५ डेसिबलने कमी करू शकतो, पण आवाजाहून वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला फटका त्याने थांबत नाही. म्हणजे तो लावूनही इअरप्लगची गरज संपत नाही. याउलट, धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडावर बसवला जाणारा मझल ब्रेक वायू बाजूला आणि मागे फेकतो. त्यामुळे चालवणाऱ्याचा आणि शेजारच्यांचा कान अधिक धोक्यात येतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न कोणाचा?

शिकार भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली. रायफली मात्र आहेत. एनसीसीचे छात्र .२२ रायफलीवर सराव करतात. पोलीस, सुरक्षा दले आणि बँकांच्या पहारेकऱ्यांना गोळीबाराचा सराव असतो. आणि कोल्हापूर, पुणे, मुंबईत नेमबाजी हा आता गंभीर खेळ आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या ठरल्या. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. त्यानंतर रेंजवर येणाऱ्या मुलांच्या पालकांना हा विषय समजणे आवश्यक आहे.

.२२ रायफलीचा आवाज ‘बारीक’ वाटतो, पण तोही १४० डेसिबलच्या आसपास जातो. आवाज इतका क्षणिक असतो की कानाला त्याची खरी तीव्रता जाणवत नाही. सरावात असे शेकडो बार होतात आणि बंदिस्त जागेत भिंतींवरून परतणारा आवाज त्यात भर घालतो. दस्ता उजव्या खांद्याला लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. उजवा डोक्याच्या आड राहतो. त्यामुळे रायफल चालवणाऱ्यांत डावा कान आधी कमजोर होताना दिसतो.

आपली पाळी नाही म्हणून मफ काढून ठेवणे, ही रेंजवरची सर्वांत सामान्य चूक. शेजारच्या लेनमधला बार, मागे उभा प्रशिक्षक, गुण लिहिणारा, बाकावर बसलेले आई-वडील या सर्वांच्या कानांवर तोच आवाज आदळतो. रेंजवर बार सुरू असेपर्यंत कान झाकलेले असावेत, हा नियम चालवणाऱ्यापुरता नसावा. नेमबाजांनी वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून घेतली तर बोलणे ऐकू न येण्याच्या कितीतरी आधी घसरण कळते.

बारानंतर कानाला दडा बसला तर?

कान जड वाटणे, शिट्टीसारखा आवाज येणे, बोलणे लांबून आल्यासारखे वाटणे ही इजा झाल्याची खूण आहे. काही तासांत बरे वाटले तरी आत काहीच झाले नाही, असे समजू नये. त्या दिवशी पुन्हा मोठ्या आवाजाजवळ जाऊ नये.

दडा दुसऱ्या दिवशीही राहिला, ऐकू कमी येऊ लागले, चक्कर आली, कान दुखला किंवा त्यातून रक्त-पाणी आले, तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोगाची शक्यता जास्त असते. घरगुती उपाय म्हणून कानात लसणीचे कोमट तेल किंवा कोणतेही थेंब घालू नयेत. पडदा फाटलेला असेल तर ते थेट मधल्या कानात जाते आणि संसर्गाला वाट मिळते. डॉक्टर पाहीपर्यंत कान कोरडा ठेवावा. कॉर्बेट यांच्या जिवावर बेतले ते पडदा फाटल्यामुळे नव्हे, त्यानंतरच्या संसर्गामुळे. फटाक्यांच्या माळेजवळ उभ्या असलेल्या मुलाच्या कानालाही हेच नियम लागू आहेत.

पुढे कॉर्बेट यांचे काय झाले?

तल्ला देसनंतरही त्यांचे जंगलात जाणे थांबले नाही. पण रायफलीची जागा हळूहळू कॅमेऱ्याने घेतली. वाघांचे चित्रीकरण आणि जंगल वाचवण्याचा आग्रह यात ते रमले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानामागे त्यांचेही प्रयत्न होते. पुढे याच उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांनी मारलेला शेवटचा नरभक्षक म्हणजे ठाक गावची वाघीण. तारीख ३० नोव्हेंबर १९३८. वय ६३. अनेक दिवस ती हुलकावणी देत होती. अखेरच्या संध्याकाळी जोडीदाराच्या शोधात ती हाका देऊ लागली. कॉर्बेट यांनी नराचा आवाज काढून उत्तर दिले. हाकेला हाक देत, आवाज किती जवळ आला याचा अंदाज घेत ते एका खडकावर थांबले. सोबत चार माणसे आणि दोन बकऱ्या होत्या. अंधार पडता पडता वाघीण अगदी समोर आली आणि त्यांनी दुनळी रायफलीचे दोन्ही बार काढले. धक्क्याने ते खडकावरून मागे, खालच्या माणसांवर कोसळले. सगळे सुखरूप होते. ही शिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत कानाच्या जोरावर झाली होती.

दुसऱ्या महायुद्धात, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी मध्य प्रांतातील छिंदवाडा येथे सैनिकांना जंगलात कसे वावरावे याचे धडे दिले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणाऱ्या या तरुणांना जंगल बघायला आणि ऐकायला शिकवणे, हे त्यांचे काम होते. १९४४ मध्ये ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. नोव्हेंबर १९४७ मध्ये बहीण मॅगीसह ते केनियातील न्येरी येथे स्थायिक झाले. तेथेच १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

डाव्या कानापासून काही इंचांवर झालेल्या एका बाराने १९२९ मध्ये हे सगळे थांबू शकले असते. संसर्ग मेंदूकडे सरकला नाही आणि कान बऱ्यापैकी सावरला, हे कॉर्बेट यांचे नशीब. आज रेंजवर उभ्या असलेल्या मुलाला नशिबावर अवलंबून राहण्याची गरज नाही. फोमच्या बुचांची जोडी काही रुपयांत मिळते आणि ती नीट बसवायला अर्धा मिनिट पुरतो.